घरातली व्यायामाची जागा : जात्यापासून ट्रेडमिलपर्यंत

गणपती बसवायची आमच्या घरातली जागा ठरलेली आहे. दिवाणखान्यात पूर्वेच्या भिंतीला लागून सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद असा एक कोपरा वर्षभर रिकामा ठेवलेला असतो. 12 बाय 40 च्या रो-हाऊसमध्ये यापेक्षा मोठी रिकामी जागा उरत नाही, हे सुरतेतल्या मंडळींना वेगळे सांगायला नको. गेल्या वर्षी विसर्जनानंतर मी त्याच कोपऱ्यात टेप घेऊन बसलो होतो. पितृपक्ष असल्यामुळे खरेदी करायची नव्हती, नुसते मोजायचे होते. तिथे ट्रेडमिल मावते का, एवढेच पाहायचे होते.

कारण साधे होते. छातीत धडधडते म्हणून डॉक्टरांनी टीएमटी करायला सांगितली. यंत्राचा पट्टा दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवतो. दुसऱ्या टप्प्यातच मला हात वर करावा लागला. हृदयात दोष निघाला नाही. दोष होता तो सरकारी खुर्चीत बसून काढलेल्या वीस-बावीस वर्षांचा. बाहेर बाकावर माझे 74 वर्षांचे वडील बसले होते. अमळनेर तालुक्यातून सुरतेला येऊन त्यांनी उधन्याच्या लूमच्या कारखान्यात उभी हयात काढली. ते आजही दिवसातून तीन वेळा गच्चीवर जातात आणि वर पोहोचेपर्यंत त्यांचे बोलणे चालूच असते. मला मात्र निम्म्या जिन्यातच बोलता येईनासे होई.

मी डिप्लोमावाला माणूस. कोणतेही यंत्र घेण्याआधी ते मुळात कशासाठी बनवले होते, हे मला जाणून घ्यावेसे वाटते. ट्रेडमिलची चौकशी करता करता मी बराच मागे गेलो. त्यात जे सापडले ते आपल्या मंडळींसमोर ठेवतो, कारण टेप घेऊन बसलेला मी एकटाच नसणार.

माजघरातला व्यायाम

आपल्या घरातले व्यायामाचे सर्वांत जुने यंत्र म्हणजे जाते. अर्थात त्याला व्यायामाचे यंत्र कोणी म्हटले नाही. दोन हात चौरस जागेत ते बसे, पहाटे तास-दीड तास फिरे आणि घाम काढी. उखळ-मुसळ, रहाटाचे पाणी, वरवंटा यांचेही तेच. आमच्या आजीला कोणी वजनाबद्दल विचारले असते तर तिने धान्याचे सांगितले असते. मग पिठाची गिरणी आली, नळ आले, मिक्सर आला. बायकांचे हाल संपले हे चांगलेच झाले. पण नाडी चढवणारे रोजचे काम त्याच वाटेने घराबाहेर गेले आणि त्याच्या जागी काय आणायचे, याचा विचार कोणी केला नाही.

कामापलीकडचा, केवळ आनंदाचा व्यायामही घरातच होई. श्रावणातल्या मंगळागौरीला रात्रभर फुगडी, बसफुगडी, झिम्मा, पिंगा चाले. त्याला मैदान लागत नसे, माजघर पुरे. दोघींची फुगडी चार-पाच फुटांच्या वर्तुळात मावते आणि दोन मिनिटांत चांगल्या तरण्या मुलीलाही धाप लागते. आपल्या खान्देशी घरांत कानबाईच्या वेळी आजही फुगड्या होतात. साधन काहीच नाही, समोर फक्त दुसरी बाई हवी. ही सोबतीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

तालीम आणि आखाडा

पुरुषांचा व्यायाम तालमीत. दंड, बैठका, मुद्गल, नाल, लेझीम, मल्लखांब आणि कुस्तीचा हौद. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाला पुन्हा जीवदान दिले, हे सर्वांना ठाऊक आहे. ही परंपरा पुढे आपल्या गुजरातेतही रुजली. वडोद्याला जुम्मादादांचा आखाडा आणि त्यांचे शिष्य प्रा. माणिकराव यांनी पिढ्या घडवल्या. खुद्द सुरतेत 1894 साली जन्मलेले अंबुभाई पुराणी आणि त्यांचे थोरले बंधू छोटुभाई यांनी गुजरातभर आखाड्यांची चळवळ उभी केली. व्यायामावरचा मराठीतला सर्वांत मोठा ग्रंथही महाराष्ट्राबाहेर, वडोद्यातच निघाला. दत्तात्रेय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेल्या व्यायाम ज्ञानकोशाचा पहिला खंड 1936 साली आला आणि पुढे त्याचे दहा खंड झाले.

सार्वजनिक गणेशोत्सवाची मुहूर्तमेढ रोवणारे लोकमान्य टिळक डेक्कन कॉलेजात गेले तेव्हा तब्येतीने किरकोळ होते. पहिले वर्ष त्यांनी अभ्यास बाजूला ठेवून शरीर कमावण्यात घालवले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितलेले असते. वर्ष वाया गेले, पण ते शरीर पुढे मंडालेच्या सहा वर्षांना पुरले. आपल्या मिरवणुकीतली लेझीमसुद्धा तालमीतूनच आलेली आहे. मूळची लेझीम म्हणजे दोरीऐवजी साखळी लावलेले धनुष्य, धनुर्धाऱ्याने दंड तयार करण्यासाठी ओढायचे. विसर्जनाच्या दिवशी तासभर लेझीम खेळून पाहा, हृदयाचा व्यायाम कशाला म्हणतात ते कळेल. अडचण एवढीच की आपण तो वर्षातून एकदाच करतो.

तालमीला मोकळी जागा लागे, उस्ताद लागे आणि ठरलेली वेळ लागे. शहरात या तिन्ही गोष्टी महाग झाल्या, तेव्हा व्यायाम घरी परतण्याचा विचार सुरू झाला. त्याची आपल्याकडची सर्वांत बोधप्रद कथा औंधची आहे.

औंधच्या राजाची खरेदी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यूजेन सँडो या युरोपातल्या पहिलवानाचे नाव जगभर झाले होते. आपण अजूनही ज्याला सँडो बनियन म्हणतो, तो हाच सँडो. तो 1904-05 च्या सुमारास हिंदुस्थानातही येऊन गेला. पण त्याचा खरा व्यापार होता टपालाने मिळणाऱ्या साधनांचा. मुठीत दाबायचे स्प्रिंगचे डंबेल होते आणि दाराला अडकवून ओढायचे रबरी दोर होते. थोडक्या जागेत घरच्या घरी करायच्या व्यायामाची आधुनिक दुकानदारी तिथून सुरू झाली असे म्हणायला हरकत नाही.

साताऱ्याजवळच्या औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी तेव्हा गादीवर आलेले नव्हते. त्यांनी 1897 च्या सुमारास सँडोची पुस्तके आणि साधने मागवली आणि सुमारे दहा वर्षे त्याप्रमाणे नेमाने व्यायाम केला. आपल्यासारखे दोन महिन्यांत कंटाळून त्यांनी ती सोडली नाहीत, हे महत्त्वाचे. दहा वर्षांच्या अनुभवानंतर ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि शेवटपर्यंत त्यांनाच धरून राहिले. संस्थानच्या शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार सक्तीचे केले. 1928 साली त्यांनी त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि 1938 साली लंडनहून त्यांचे ‘द टेन पॉइंट वे टू हेल्थ’ निघाले. 

हा राजा यंत्रांचा शत्रू होता असे कोणी समजू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांना 1910 साली कारखान्यासाठी जागा देणारे हेच भवानराव, आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली ती औंध संस्थानातच. नांगर यंत्रशाळेत घडवावा हे त्यांना पटत होते. शरीर घडवायला मात्र त्यांना माणसाच्या उंचीएवढी सतरंजी पुरेशी वाटली. 

मी सतरंजी मोजली. सहा फूट बाय अडीच फूट. ट्रेडमिलला लागते जवळपास तेवढीच. फरक इतकाच की सतरंजी गुंडाळून कपाटावर ठेवता येते आणि त्या जागी गणपती बसवता येतो.

तुरुंगातले चाक

आता ट्रेडमिलकडे येऊ. हिचा जन्म व्यायामशाळेत झालेला नाही, तुरुंगात झाला आहे. विल्यम क्यूबिट या इंग्रज इंजिनिअरने 1818 साली कैद्यांसाठी एक लांबलचक चाक तयार केले. चाकाला बाहेरून पायऱ्या. कैद्यांनी ओळीने उभे राहून दांडी धरायची आणि चढत राहायचे. पाय उचलला की पायरी खाली जायची, म्हणजे चढूनही माणूस तिथल्या तिथेच. त्या चाकावर कुठे धान्य दळले जाई, म्हणून नावात ‘मिल’. कुठे तर काहीच दळले जात नसे. 1824 साली न्यूयॉर्कच्या एका तुरुंगाच्या अनुभवावर पुस्तक निघाले. कैदी खचतात ते कष्टांपेक्षा त्या न संपणाऱ्या एकसुरीपणामुळे, असा त्यात निष्कर्ष होता. इंग्लंडने 1898 च्या कायद्याने ही शिक्षा मोडीत काढली.

आपल्याला यावरून अंदमानचा कोलू आठवल्याशिवाय राहत नाही. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांना बैलासारखे गोल फिरून रोज 30 पौंड तेल काढावे लागे. त्या यातनेची आणि आपल्या चालण्याची तुलना करणे योग्य नाही. पण जागच्या जागी फिरणे मनाला किती जड जाते, हे त्या काळच्या तुरुंगाधिकाऱ्यांना चांगले ठाऊक होते. आज घरोघरी ट्रेडमिलवर टॉवेल वाळताना दिसतात, त्याचे एक कारण या इतिहासात आहे. आपण स्वतःला आळशी म्हणून मोकळे होतो. पण या यंत्राचा कंटाळा येणे हे मनुष्यस्वभावाला धरून आहे आणि तो येणार हे गृहीत धरूनच खरेदी करायला हवी.

सायकलीची कुळी त्या मानाने बरी. 1796 साली फ्रान्सिस लाउंड्स याने लंडनमध्ये ‘जिम्नॅस्टिकॉन’ नावाच्या यंत्राचे पेटंट घेतले. हाताने दांडा आणि पायाने पावटे फिरवायचे. संधिवाताने किंवा बैठ्या कामाने ज्यांचे सांधे धरले आहेत, अशांना घरात व्यायाम घडावा हा त्यामागचा हेतू. म्हणजे आजची घरातली सायकल जन्मापासूनच गुडघेदुखीवाल्यांची आहे.

ड्रायव्हर आणि कंडक्टर

तुरुंगातले चाक दवाखान्यात कसे आले, हे पाहण्यासारखे आहे. 1929 साली न्यूयॉर्कचे डॉ. आर्थर मास्टर यांनी हृदयाची क्षमता तपासायची एक सोपी पद्धत काढली. साधन काय, तर प्रत्येकी नऊ इंच उंचीच्या दोन लाकडी पायऱ्या. रोग्याने चढायचे, उतरायचे, डॉक्टरांनी नाडी आणि रक्तदाब पाहायचा. 1943 साली हार्वर्डमध्ये तरुणांसाठी 20 इंचांच्या चौरंगाची कसोटी ठरली, मिनिटाला 30 वेळा चढउतार, पाच मिनिटे. 1952 च्या सुमारास अमेरिकेतल्या सिॲटल शहरी डॉ. रॉबर्ट ब्रूस आणि अभियंता वेन क्विंटन यांनी मोटारीवर चालणारी वैद्यकीय ट्रेडमिल तयार केली. आपली टीएमटी आजही बहुधा ब्रूस यांच्याच पद्धतीने होते. पहिला टप्पा ताशी 1.7 मैल आणि दहा टक्के चढ, मग दर तीन मिनिटांनी वाढ.

याच सुमारास, 1953 साली, लंडनचे डॉ. जेरेमी मॉरिस यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लंडनच्या दुमजली बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर त्यांनी तपासले. घरची परिस्थिती सारखी, बस तीच, पाळ्याही त्याच. पण दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी होता आणि झालाच तर कमी घातक होता. टपाल खात्यातही तेच. चालणारे पोस्टमन बरे, बसणारे कारकून वाईट. कंडक्टर दिवसाला सुमारे 600 पायऱ्या चढत असत.

हे वाचले तेव्हा मी थांबलो. दवाखान्यातला तो बाक आठवला. माझ्या वडिलांनी पाळीभर लूमच्या रांगांतून फेऱ्या मारल्या. इकडे धागा तुटला, तिकडे कांडी संपली, सतत चालणे. त्यांनी मला शिकवले ते मला असे चालावे लागू नये म्हणून, आणि मला खुर्ची मिळाली याचा त्यांना आजही अभिमान आहे. आमच्या घरात कंडक्टर ते आहेत, ड्रायव्हर मी. सुरतेत दोन-तीन पिढ्यांपासून स्थायिक झालेल्या आपल्या बहुतेक घरांची हीच गोष्ट आहे. पहिल्या पिढीने पायांवर कमावले, पुढच्या पिढ्या बसून खातात, आणि ताटात वाढण अजून पहिल्या पिढीचेच आहे.

घराघरांत ट्रेडमिल आणण्याचे श्रेय विल्यम स्टॉब या अमेरिकन अभियंत्याला देतात. डॉ. केनेथ कूपर यांचे 1968 सालचे ‘एरोबिक्स’ हे पुस्तक वाचून त्याने घरगुती, परवडणारी ट्रेडमिल बाजारात आणली. हिवाळ्यात बर्फ पडला की बाहेर पळता येत नाही, ही तिकडची अडचण. आपली अडचण पावसाची, उन्हाची आणि रस्त्यावरच्या रहदारीची.

मग घ्यावे काय?

इतिहास वाचून मी पुन्हा टेप हातात घेतला. चौकशीतून जे हाती आले ते असे.

ट्रेडमिल साधारण साडेपाच-सहा फूट लांब आणि अडीच-तीन फूट रुंद असते, पण तेवढ्यावर भागत नाही. पाय घसरला तर माणूस मागे फेकला जातो, म्हणून मागे सहा फूट आणि बाजूंना दीड-दीड फूट मोकळे लागते. मागे भिंत असेल तर धोका. पट्टा जमिनीपासून अर्धा फूट उंच असतो, म्हणून डोक्यावर पंखा किंवा माळा आहे का ते पाहावे. जाहिरातीत मोटारीची ‘पीक’ ताकद मोठ्या अक्षरांत असते, आपण सतत चालणारी ताकद विचारावी. अर्थिंग पक्के हवे. लहान मुले घरात असतील तर वापरानंतर सुरक्षा-किल्ली काढून ठेवावी, कारण पट्ट्यात बोटे जातात. घडी होणारी घेतली तरी वजन अर्धा क्विंटल किंवा अधिक असते. ती रोज उभी-आडवी कोण करणार, हे आधी घरात ठरवावे. बाहेर चालणे शक्य नाही, जागा आहे आणि चालणे मनापासून आवडते, अशांनी ती जरूर घ्यावी.

घडीची सायकल तीन-साडेतीन फुटांत मावते आणि मिटली की दारामागे जाते. गुडघ्यांवर भार येत नाही, आवाज कमी, वीज लागत नाही. वल्ह्याचे यंत्र सर्वांगाला व्यायाम देते, पण त्याला आठ फूट लांबी हवी. उभे करून ठेवता येईल असेच पाहावे. दोरीच्या उड्यांना खर्च नाही, पण छत नऊ-दहा फूट हवे, गुडघे धड हवेत आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी सहनशील हवेत.

आणि जिना. आमच्या घरात तळापासून गच्चीपर्यंत 36 पायऱ्या आहेत. सतरा फेऱ्या झाल्या की लंडनच्या कंडक्टरचा दिवस भरतो. पैसे मोजून घेतलेल्या घरात ते यंत्र फुकट आले होते आणि आम्ही त्याच्या पायऱ्यांवर कांदे-बटाट्यांच्या टोपल्या ठेवल्या होत्या.

किती करायचे? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे किती, याची सोपी कसोटी अशी की व्यायाम करताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. आपल्या भाषेत सांगायचे तर गप्पा मारता याव्यात, आरती म्हणता येऊ नये. ज्यांना हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. मी विचारले होते.

शेवटी आमच्या घरात ट्रेडमिल आली नाही. दसऱ्याला घडीची सायकल आणली, ती मुख्यतः आईच्या गुडघ्यांसाठी आणि पावसाळ्यासाठी. सकाळी सतरंजीवर सूर्यनमस्कार, सुरुवातीला तीन, हळूहळू बारा. संध्याकाळी जिना. पहिल्या महिन्यात दोनदा खंड पडला. तेव्हा फुगडीची गोष्ट कामी आली. सौभाग्यवती म्हणाली, ‘एकट्याने होणार नाही, मी पण येते.’ जाते दोघींनी ओढावे, लेझीम पथकाने खेळावी, हे आपल्या आधीच्या लोकांना कळत होते. यंत्र निवडताना जागा मोजतो तसे सोबत कोण आहे तेही मोजावे. माझ्या मते निम्मी निवड तिथेच होते.

यंदा सायकल दारामागे गेली आहे, सतरंजी कपाटावर आहे आणि कोपऱ्यात बाप्पा बसले आहेत. मखराचे सामान गच्चीवरून मीच खाली आणले, चार फेऱ्या झाल्या. वडील खाली उभे राहून काय काय आणायचे ते सांगत होते आणि मी वरून उत्तरे देत होतो. शेवटच्या फेरीनंतर त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, ‘आता बोलता येतंय तर समया राहिल्यात, त्याही घेऊन ये.’

गणपती बाप्पा मोरया!